रेस वाढलीय? स्क्रूला हात लावण्याआधी हवा शोधा

जुन्या पेट्रोल गाडीची आयडलिंगची (गाडी उभी, पेडल सोडलेलं असतानाची) रेस वाढलीय असं गॅरेजमध्ये सांगितलं की मिस्त्रीचा पहिला हात थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या, स्क्रूकडे जातो. बॉनेट वर, स्क्रूड्रायव्हर आत, दोन आटे मागे, "झालं साहेब." आवाज खाली येतो, आपण पैसे देऊन निघतो. आठवड्याभरात गाडी सिग्नलला बंद पडायला लागते, नाहीतर रेस होती तिथेच परत येते.

पेट्रोल इंजिन किती वेगानं फिरणार हे शेवटी हवाच ठरवते. आयडलिंगला थ्रॉटलची बटरफ्लाय, म्हणजे हवेच्या वाटेतली गोल चकती, जवळजवळ मिटलेली असते, इंजिनाला जेमतेम श्वास घेण्यापुरती हवा मिळते. तरी ते १३००-१४०० आरपीएमनं (मिनिटाला फेरे) फिरत असेल तर जास्तीची हवा कुठून तरी आत येतेय. ती येण्याच्या जागा तीनच. दार नीट मिटलेलं नाही, म्हणजे बटरफ्लाय. भिंतीला भोक पडलंय, म्हणजे फाटकी नळी किंवा गॅस्केट. किंवा घरातल्याच माणसानं मुद्दाम खिडकी उघडी ठेवलीय, म्हणजे ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या) हुकमातला आयडल व्हॉल्व्ह. यातलं नेमकं काय झालंय ते अर्ध्या तासात, जवळपास हत्यारांशिवाय, आपलं आपल्याला कळू शकतं.

उदाहरणासाठी समोर ठेवतोय ती एमपीएफआय (इंजेक्टरनं पेट्रोल देणारी) मारुती ८००: तीन सिलिंडर, ७९६ सीसी. २००० च्या आसपास ती कार्ब्युरेटरवरून इंजेक्शनवर आली आणि आजही गावोगावी दिसते. त्या काळच्या झेन, एस्टीम, सॅन्ट्रो यांनाही हेच तर्कशास्त्र लागू पडतं. कार्ब्युरेटरवाल्यांसाठी खाली वेगळं लिहिलंय. डिझेलची गोष्ट मुळातच निराळी आहे, ती इथे नाही.

आधी खात्री करा

थंड इंजिन सकाळी १२००-१५०० वर फिरणं हा बिघाड नाही. गरम होता होता ते खाली यायला हवं. म्हणून तपासणी नेहमी पूर्ण गरम इंजिनावर करायची. दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून आणा, मग उभी करून रेडिएटरचा पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा. एसी, हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर, सगळं बंद. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाखाली दगड. या अवस्थेत बहुतेक जुन्या पेट्रोल गाड्या ७५० ते ९०० च्या दरम्यान फिरतात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो, तोच प्रमाण माना.

साध्या ८०० मध्ये आरपीएमचा काटाच नाही. स्कॅनर किंवा टॅको (आरपीएम मोजण्याची सोय) असलेला मल्टिमीटर लावून आकडा घ्या. कानावर फार विसंबू नका, इंजिन माउंट (इंजिनाखालचं रबर) दबलेलं असलं की ८५० सुद्धा १२०० सारखं वाटतं. काही गाड्यांत गाडी चालती असताना ईसीयू स्वतःच रेस किंचित वर धरतो आणि चाकं थांबली की सोडतो. तोही दोष नाही.

हे काम उघड्यावर करा, बंद शेडमध्ये नको, कारण एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड वासानं कळत नाही. ओढणी, टाय, लांब बाह्या पट्ट्यापासून दूर ठेवा. इलेक्ट्रिक पंखा विचारून सुरू होत नाही हेही लक्षात असू द्या.

तक्रारीचा स्वभाव ओळखा

रेस कशी वाढते, यातच निम्मं निदान असतं.

कायम, थंडीत-उन्हात, एकाच आकड्यावर वर अडकून राहत असेल तर दार किंवा भोक. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर रेस हळूहळू, रेंगाळत खाली येत असेल तर आधी केबल आणि बटरफ्लाय. पायाच्या बोटानं पेडल वर ओढल्यावर आवाज उतरला तर तिथेच उत्तर मिळालं. फक्त एसी लावल्यावर वाढत असेल तर ते मुळात अपेक्षितच आहे, कॉम्प्रेसरचा भार पेलायला इंजिन थोडी रेस वाढवतं. एसी बंद केल्यावरही ती उतरली नाही तरच तक्रार.

आणि झोके. रेस १२०० वरून १८००, परत १२००, पुन्हा १८००. हे ऐकून लोक घाबरतात, पण कारण गमतीशीर आहे. पेडल सोडलेलं असूनही वेग एका मर्यादेच्या वर गेला की ईसीयूला वाटतं गाडी उतारावर आहे. तो पेट्रोल तोडतो. वेग पडतो, तो पुन्हा पेट्रोल देतो, जास्तीच्या हवेमुळे वेग परत चढतो, तो परत तोडतो. म्हणजे झोके ईसीयूचे, पण मूळ दुखणं जास्तीच्या हवेचंच.

इथे एक बारकावा. या जुन्या मारुतींमध्ये आत येणारी हवा थेट मोजली जात नाही, मेनिफोल्डमधला (थ्रॉटलपासून सिलिंडरपर्यंतच्या हवेच्या वाटेतला) दाब मॅप सेन्सर मोजतो आणि त्यावरून पेट्रोल ठरतं. नळी फाटून हवा शिरली की दाब वाढतो, ईसीयू इमानदारीनं जादा पेट्रोल देतो आणि इंजिन छान, गुळगुळीत, पण वेगानं फिरतं. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीत तीच फाटकी नळी इंजिनाला धक्के द्यायला लावते, कारण चोरवाटेची हवा मोजलीच जात नाही. त्यामुळे ८०० चा मालक जेव्हा सांगतो, "इंजिन एकदम स्मूथ आहे, लीकेज असूच शकत नाही," तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

तोंड झाकण्याची चाचणी

माझ्या मते सगळ्या तपासण्यांची ही राणी. गॅरेजमध्ये ती क्वचितच करताना दिसते.

इंजिन गरम करून बंद करा. एअर फिल्टरकडून थ्रॉटल बॉडीकडे येणारा रबरी पाइप क्लॅम्प सैल करून काढा. समोर थ्रॉटल बॉडीचं तोंड आणि आत पितळी बटरफ्लाय दिसेल. तिच्या अलीकडे, भिंतीत एखादं भोक दिसतं, तीच आयडल व्हॉल्व्हकडे जाणारी वाट, आपली खिडकी. काही गाड्यांत ही वाट वेगळ्या नळीनं जाते. आता इंजिन सुरू करा. मॅप सेन्सरवाली गाडी पाइपशिवायही चालते. एमएएफवाली बंद पडेल, तिच्यावर ही चाचणी होत नाही.

जाडसर रबरी मॅटचा तुकडा किंवा सपाट प्लास्टिकची पट्टी घेऊन तोंड पूर्ण झाका. फडकं नको, ते आत ओढलं जातं. मदतनीस असला तर त्याला पीसीव्हीची (इंजिनच्या पोटातली, म्हणजे क्रँककेसमधली, वाफ मेनिफोल्डला नेणारी) नळी पकडीनं हलकेच चिमटायला सांगा, नाहीतर क्रँककेसमधून थोडी हवा येतच राहते.

तोंड झाकूनही इंजिन आरामात चालत राहिलं, तर भोक आहे. थ्रॉटलच्या पुढे कुठेतरी, नक्की.

इंजिन घुसमटून बंद पडलं, तर सगळी हवा तोंडातूनच येतेय. मग पुन्हा सुरू करा आणि या वेळी फक्त ते छोटं भोक बोटानं बंद करा. बटरफ्लायच्या फटीत बोट घालायचं नाही आणि या वेळी पेडलजवळ कुणी नको. वेगळी नळी असेल तर ती चिमटा. रेस धाडकन उतरली किंवा इंजिन बंद पडलं, तर खिडकी उघडी आहे. काहीच फरक पडला नाही, तर दार मिटलेलं नाही. गाडीचे तीन-चार संशयित पार्ट बदलून जे कळत नाही, ते इथे दोन झाकणांत कळतं.

दार: केबल आणि बटरफ्लाय

सगळ्यात फुटकळ कारणं इथेच सापडतात. पेडलखाली सरकलेली जाड मॅट. आतून गंजलेली केबल. नवीन केबल टाकताना जास्त ताणून बसवलेली. बॉनेटखाली केबल बोटानं दाबून पाहा, थोडा ढिलेपणा जाणवलाच पाहिजे. तारेसारखी ताठ असेल तर नट सैल करून ढील द्या.

मग बटरफ्लाय. वर्षानुवर्षांचं तेलकट काजळ तिच्या कडेला साचतं आणि ती शेवटचा एखादा मिलिमीटर मिटत नाही. इंजिन बंद असताना थ्रॉटल बॉडी क्लीनर कापडावर घेऊन कडा आणि भिंत पुसा, थेट फवारा कमीत कमी. शाफ्टला दोन्ही टोकांना धरून हलवा. खुळखुळत असेल तर तो झिजलाय आणि त्या फटीतूनही हवा येतेय. लिव्हर हातानं उघडून सोडा, स्प्रिंगनं टक्कन मिटायला हवी.

थ्रॉटल पोझिशन सेन्सरही याच शाफ्टला असतो. साधारणपणे मिटलेल्या अवस्थेत तो अर्ध्या व्होल्टच्या आसपास सिग्नल देतो. तिथे एक-सव्वा व्होल्ट येत असेल तर पाय पेडलवर आहे असं ईसीयू समजतो आणि आयडलिंगचा ताबाच सोडतो. हा सेन्सर सैल करायचाच असेल तर आधी टोकदार वस्तूनं मूळ जागेची रेघ ओढून घ्या.

भोक: एकेक नळी चिमटत जा

मेनिफोल्डपासून निघणारी प्रत्येक नळी संशयित. ब्रेक बूस्टरची (ब्रेक हलका करणाऱ्या डब्याची) जाड नळी, पीसीव्ही, मॅप सेन्सरची बारीक नळी, पेट्रोल टाकीची वाफ ओढणारी कॅनिस्टरची नळी. टोकाला कापड गुंडाळलेल्या पकडीनं एका वेळी एकच नळी चिमटा आणि रेस ऐका. ज्या नळीला रेस उतरली, दोष तिच्यात किंवा तिच्या पलीकडच्या भागात. बूस्टरची नळी चिमटल्यावर रेस पडली तर बूस्टरचा डायफ्रॅम फाटलेला असू शकतो. मग तो नुसता आयडलिंगचा नाही, ब्रेकचा प्रश्न आहे, आणि ती गाडी सरळ गॅरेजलाच न्या. मॅपची नळी मात्र चिमटायची नाही, ती नजरेनं आणि बोटानं तपासा, कारण ती दाबली की सेन्सरच आंधळा होतो.

आपल्याकडची खास जागा म्हणजे सीएनजी किट. बाहेरून बसवलेल्या किटला मेनिफोल्डचा व्हॅक्युम लागतो, त्यासाठी मूळ नळी कापून मध्ये प्लास्टिकचा टी-जॉइंट घातलेला असतो. सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस देणाऱ्या) किटमध्ये तर मेनिफोल्डला भोकं पाडून नोझल बसवतात. इंजिनच्या उष्णतेत तो टी कडक होऊन तडकतो, नोझलभोवतीचं सीलंट सुटतं. सीएनजी गाडीची रेस वाढली की मी कंपनीच्या नळ्यांआधी किटवाल्याच्या नळ्या पाहीन.

नळ्या ठीक निघाल्या तर मेनिफोल्ड गॅस्केट, थ्रॉटल बॉडीखालचं गॅस्केट आणि इंजेक्टरच्या ओ-रिंग उरतात. साध्या पाण्याचा बारीक फवारा जोडांवर मारा, वायरिंग आणि इग्निशनचे भाग वाचवून. पाणी फटीत ओढलं गेलं की क्षणभर रेस बदलते. कार्ब क्लीनर मारून पाहण्याची पद्धत जुनी आहे, पण तो द्रव ज्वालाग्राही असतो आणि एक्झॉस्ट मेनिफोल्ड तिथेच तापलेला असतो. अगरबत्तीचा धूर कुठे ओढला जातोय ते पाहणारे महाभागही आहेत. पेट्रोलच्या वाफेजवळ पेटती अगरबत्ती, पुढचं काही सांगायला नको. धूरच हवा असेल तर स्मोक टेस्ट मशीन असलेलं गॅरेज गाठा.

व्हॅक्युम गेज (मेनिफोल्डमधली ओढ मोजणारं मीटर) असेल तर उत्तमच. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन आयडलिंगला साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं. उंचीवर हा आकडा आपसूक उतरतो, दर हजार फुटांना इंचभर. म्हणजे पुण्यात मुंबईपेक्षा पावणेदोन-दोन इंच कमी आणि महाबळेश्वरला चारेक इंच कमी, तेही काहीही बिघाड नसताना. मुंबईचा आकडा घाटावर लावून लीकेज काढू नका.

खिडकी: ईसीयू खोटं ऐकतोय का

खिडकी उघडी सापडली तर पुढचा प्रश्न: ती अडकलीय, की कुणाच्या सांगण्यावरून उघडी आहे?

अडकलेली असेल तर काजळ. आयडल व्हॉल्व्ह काढून टोक आणि वाट क्लीनरनं साफ करता येते. स्टेपर मोटरवाल्या व्हॉल्व्हची दांडी हातानं दाबू किंवा ओढू नका, आतले आटे जातात. मोटरचा भाग द्रवात बुडवू नका. जोडताना नवी ओ-रिंग, नाहीतर खिडकी बंद करून शेजारी भोक पाडल्यासारखं होईल.

पण माझा अनुभव असा की व्हॉल्व्ह बिचारा बऱ्याचदा निर्दोष असतो. इंजिन थंड आहे असं ईसीयूला सांगितलं जातंय आणि तो थंड इंजिनाला शोभेल अशी रेस धरून बसलाय. हे सांगणारा कूलंट टेम्परेचर सेन्सर दोन वायरचा असतो, मीटरच्या काट्याचा सेंडर वेगळा, सहसा एका वायरचा. काटा बरोबर दाखवतो म्हणून ईसीयूचा सेन्सर बरोबर, असं होत नाही. मल्टिमीटरनं रोध मोजा. जुन्या जपानी पद्धतीच्या सेन्सरचा रोध २० अंशांना साधारण सव्वादोन ते पावणेतीन हजार ओहम असतो, ८० अंशांना जेमतेम तीनशेच्या आसपास. गरम इंजिनावर हजारभर ओहम दिसले तर सेन्सर थंडीच्या गोष्टी सांगतोय. कनेक्टरमधला हिरवा गंजही रोध वाढवतो, आधी तो साफ करा.

आता एक गोष्ट. ओळखीतल्या एकांची २००३ ची ८००. पुण्याहून साताऱ्याकडे आठवड्यातून दोनदा पहाटे जाणं. तक्रार अशी की हायवेवरून उतरल्यावर टोलला रेस चढलेली, दुपारी शहरात मात्र एकदम शहाणी. दिवाळीनंतर जास्त, एप्रिल-मेमध्ये जवळपास नाही. दोन गॅरेजमध्ये दाखवली, दोन्हीकडे स्क्रू फिरवला गेला. गॅरेजला गाडी पोचायची भर दुपारी, गर्दीतून तापून, तेव्हा रोग दिसायचाच नाही. मी सेन्सर मोजला, ठीक होता. मग पहाटे सोबत बसून गेलो आणि टेम्परेचरचा काटा पाहिला. खंबाटकी ओलांडेपर्यंत तो सी (थंड) च्या जेमतेम वर होता. थर्मोस्टॅटचं घर उघडलं, आत थर्मोस्टॅटच नव्हता.

"आपल्याकडच्या उन्हाला थर्मोस्टॅट लागत नाही" म्हणत तो काढून फेकण्याची सवय आपल्याकडे जुनी. गाडी एकदा तापली की मिस्त्री तो काढतो आणि गाडी तापायची थांबली असं वाटतं. खरं कारण, म्हणजे चोंदलेला रेडिएटर किंवा न फिरणारा पंखा, तसंच राहतं. थर्मोस्टॅट साधारण ८२ किंवा ८८ अंशांना उघडायला लागतो, तोवर पाणी इंजिनातच फिरवतो. तो नसला की पहाटेच्या गार वाऱ्यात इंजिन ५५-६० अंशांवरच रेंगाळतं. सेन्सर खरं सांगतो, ईसीयू बरोबर वागतो, व्हॉल्व्ह हुकूम पाळतो आणि रेस वरच राहते. सगळे प्रामाणिक, फक्त एक पार्ट गायब. हिवाळ्यात, हायवेवर, रात्री-पहाटे वाढणारी आणि ट्रॅफिकमध्ये उतरणारी रेस दिसली की आधी हे तपासा.

उरलेली कारणं थोडक्यात. बॅटरी नुकतीच काढली असेल तर काही गाड्या पहिले काही किलोमीटर रेस नव्यानं शिकतात, थांबा. कूलंट कमी असेल किंवा त्यात हवा अडकली असेल तर सेन्सर कोरडा राहून भलतंच सांगतो. पॉवर स्टिअरिंगचा प्रेशर स्विच चिकटला की ईसीयूला वाटतं चाक सतत वळतंय. ऑल्टरनेटर बॅटरी कमी भरत असेल तर काही ईसीयू मुद्दाम रेस वाढवतात, इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत.

स्कॅनरबद्दल: आपल्याकडे ओबीडीची (गाडीनं स्वतःचे दोष नोंदवण्याच्या व्यवस्थेची) सक्ती २०१० पासून टप्प्याटप्प्यानं आली, त्यामुळे आधीच्या बऱ्याच गाड्यांशी बाजारातलं स्वस्त ब्लूटूथ डोंगल बोलतच नाही. अनेक जुन्या मारुतींमध्ये डायग्नोसिस कप्लरला (तपासणीच्या सॉकेटला) जंपर (दोन पिना जोडणारी तार) लावला की चेक इंजिनचा दिवा लुकलुकून कोड सांगतो, १२ आला तर ईसीयूला काही खटकलेलं नाही. कुठली पिन ते मॅन्युअल पाहूनच ठरवा.

कार्ब्युरेटरवाल्यांसाठी

पद्मिनी, जुनी ८००, जुनी झेन. इथे ईसीयू नाही, त्यामुळे खिडकीची जागा चोक आणि आयडल-अप (एसीच्या भाराला रेस वाढवणारी सोय) घेतात. चोकची नॉब पूर्ण आत गेलीय का, एवढ्यावर थांबू नका. बॉनेट उघडून चोकची झडप खरोखर उभी झालीय का आणि तिचा फास्ट आयडल कॅम थ्रॉटलला ढकलत तर नाही ना, ते पाहा. एसी असेल तर व्हॅक्युमवर चालणारा आयडल-अपचा डायफ्रॅम एसी बंद केल्यावर मागे येतो का बघा. कार्ब्युरेटरखालचं गॅस्केट वाकतं, तिथली हवा मिश्रण पातळ करते.

आणि डिस्ट्रिब्युटर, म्हणजे स्पार्क वाटणारा भाग. स्पार्कचं टायमिंग पुढे गेलं (अ‍ॅडव्हान्स झालं) की हवा तेवढीच असूनही रेस चढते, हवेच्या नियमाला हा एक अपवाद. व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्सची नळी चुकून थेट मेनिफोल्डच्या तोटीला जोडली गेली तर आयडलिंगलाही पूर्ण अ‍ॅडव्हान्स मिळतो. नळी काढून तोटी बोटानं बंद करा, रेस पडली तर तोटी चुकलीय. आयडल स्क्रू पूर्ण मागे घेऊनही रेस उतरत नसेल, तर हवा स्क्रूच्या वाटेनं येतच नाही, मग तो फिरवणं थांबवा.

पीयूसीची पावती फेकू नका. तिच्यावर आयडलिंगचा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) छापलेला असतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत रेस जास्त आणि सीओ खूप असेल तर चोककडे बघा, रेस जास्त आणि सीओ नेहमीपेक्षा अगदी कमी असेल तर हवा शिरतेय.

दुरुस्तीनंतर

त्या ८०० मध्ये नवा थर्मोस्टॅट बसवला, कूलंट भरलं, हवा काढली. काटा मध्यावर आला, पहाटेची रेस साडेआठशेवर. आणि तिसऱ्या दिवशी फोन, गाडी सिग्नलला एसी लावला की बंद पडतेय.

साहजिक होतं. दोन गॅरेजनी मिळून थ्रॉटलचा स्क्रू इतका मागे घेतला होता की बटरफ्लाय भिंतीवर घासत बसत होती. रोग होता तोवर व्हॉल्व्ह उघडा राहून ते झाकलं जात होतं. हा स्क्रू कारखान्यात बसवलेला असतो, वर रंगाचा ठिपका असतो. ठिपका पुसलेला किंवा खाचा ओरखडलेल्या दिसल्या की समजा, इथे कुणीतरी येऊन गेलंय. आधी बटरफ्लाय साफ केली. मग स्क्रू लिव्हरला जेमतेम टेकेपर्यंत आणला, बटरफ्लाय घासणार नाही इतपत पुढे घेतला, थ्रॉटल सेन्सरचा सिग्नल परत तपासला, बॅटरीची तार काही मिनिटं काढून लावली आणि एकदा एसी बंद, एकदा चालू ठेवून गाडी गरम होऊ दिली. मग नेलपॉलिशचा एक ठिपका स्क्रूवर दिला, म्हणजे पुढच्या वेळी तो हलला तर कळेल.